क्षेपणास्त्र दिसलं, पुढं काय? आरमारी खेळांवरचे वाचकांचे प्रश्न

घाटाच्या या अंगाला समुद्र नाही, पण आरमारी सिम्युलेशन खेळणाऱ्यांची कमी नाही, हे या वेळच्या टपालावरून दिसतं. बहुतेकांची तक्रार एकच: हल्ला जमतो, वाचणं जमत नाही. म्हणून या अंकातली सगळी पानं बचावाला दिली आहेत. अंतरं किलोमीटरमध्ये घेतली आहेत. वेग मात्र नॉटमध्येच ठेवला आहे, कारण पडद्यावर तोच दिसतो. एक नॉट म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर, एवढं लक्षात ठेवलं की पुढचे हिशेब तोंडी होतात.

प्रश्न : ‘कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स’मध्ये माझ्या विनाशिकेवर ७० किलोमीटर पल्ल्याची विमानविरोधी क्षेपणास्त्रं आहेत. तरी शत्रूचं जहाजविरोधी क्षेपणास्त्र पंचवीस किलोमीटरवर येईपर्यंत जहाज गप्प बसतं. सेटिंग चुकलंय की खेळातच बग आहे? (राजारामपुरी)

दोन्ही नाही. पृथ्वी गोल आहे आणि रडारची किरणं जवळपास सरळ जातात, एवढंच कारण. लाटांना घासून येणारं क्षेपणास्त्र क्षितिजाच्या आड असेपर्यंत ते कुठल्याच जहाजाच्या रडारला दिसत नाही, मग रडार कितीही दमदार असो. हिशेब असा करा: रडारची उंची मीटरमध्ये घेऊन तिचं वर्गमूळ काढा, क्षेपणास्त्राच्या उंचीचंही वर्गमूळ काढा, दोन्हींची बेरीज ४.१२ नं गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. रडार २५ मीटरवर आणि क्षेपणास्त्र ४ मीटरवर असेल तर ५ अधिक २ म्हणजे ७, गुणिले ४.१२, म्हणजे २८.८ किलोमीटर. कोल्हापूर ते इचलकरंजी एवढंच अंतर. क्षेपणास्त्र सेकंदाला ३०० मीटरनं येत असेल, तर ते तुमच्या दारात यायला ९६ सेकंद लागतात. तुमचा ७० किलोमीटरचा पल्ला उंचावरच्या विमानासाठी आहे. लाटेवरून येणाऱ्यासाठी तो कागदावरच राहतो.

आता या ९६ सेकंदांचं काय होतं ते बघू. ओळख पटणं, लक्ष्य ठरणं, पहिलं क्षेपणास्त्र सुटणं यात १२ सेकंद गेले असं धरा. तोवर शत्रूचं क्षेपणास्त्र २५.२ किलोमीटरवर आलेलं असतं. तुमचं सेकंदाला सरासरी ८०० मीटरनं जातं, म्हणजे दोघं एकमेकांकडे सेकंदाला ११०० मीटरनं धावतात. गाठ पडते १८.३ किलोमीटरवर. लागलं की हुकलं हे कळायला आणि पुन्हा सोडायला ५ सेकंद द्या. दुसरी गाठ १२.२ वर, तिसरी ७.८ वर, चौथी ४.६ वर. चार संधी.

हेच ध्वनीच्या दुपटीहून वेगवान, सेकंदाला ८०० मीटरनं येणाऱ्या क्षेपणास्त्राशी करून बघा. पहिली गाठ ९.६ किलोमीटरवर आणि दुसरी २.८ वर. बऱ्याच मध्यम पल्ल्याच्या यंत्रणांना इतक्या जवळचं लक्ष्य घेताच येत नाही, म्हणजे व्यवहारात एकच संधी. म्हणून अशा क्षेपणास्त्रांपुढे ‘आधी एक सोडू, बघू, मग दुसरं’ हा विचार सोडून द्यावा लागतो. पहिल्याच फेरीत प्रत्येक लक्ष्यावर दोन सोडायची.

वेळ वाढवायचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे डोळा उंच नेणं. हजार मीटरवरच्या हेलिकॉप्टरला तेच क्षेपणास्त्र १३० किलोमीटरच्याही पलीकडून क्षितिजावर येतं. अर्थात त्या हेलिकॉप्टरचं रडार तेवढं ताकदीचं असलं पाहिजे. मात्र हेलिकॉप्टरला दिसलं म्हणजे जहाजाला मारता आलं असं होत नाही. ज्या क्षेपणास्त्रांना शेवटपर्यंत जहाजावरच्या रडारनं लक्ष्य उजळून दाखवावं लागतं, त्यांना क्षितिजाची अट आहेच. तुम्हाला मिळतात ती इशाऱ्याची मिनिटं. त्यात जहाज वळवा, चॅफ (रडारला भुलवणारा धातूच्या बारीक पट्ट्यांचा ढग) तयार ठेवा, लढाऊ विमानं त्या दिशेला पाठवा. आधीच मोठ्या रडारचं भलंमोठं जहाज घेऊन ‘आता काय होणार नाही’ म्हणून निवांत बसणारे या खेळात सगळ्यात लवकर बुडतात.

प्रश्न : माझ्या फ्रिगेटच्या कोठारात ४० क्षेपणास्त्रं होती. सहा आली, दोन लागली, जहाज गेलं, आणि कोठारात तीसच्या वर शिल्लक! विषयच हार्ड आहे. शिल्लक असताना मरायचं म्हणजे काय? (इचलकरंजी)

वर्णनावरून तुमची फ्रिगेट अमेरिकन ऑलिव्हर हॅझर्ड पेरी वर्गातली दिसते. तिच्यावर मार्क १३ लाँचर असतो. कोठारात ४०, पण सोडणारा हात एकच. एक सोडलं की दुसरं खालून वर येऊन बसायला आठ-दहा सेकंद जातात. शिवाय लक्ष्य उजळून धरणाऱ्या वाहिन्या दोनच, आणि गाठ पडेपर्यंत वाहिनी अडकलेली राहते. तेव्हा कोठार मोजू नका, वाहिन्या मोजा.

वरच्याच हिशेबानं चार फेऱ्या आणि दोन वाहिन्या म्हणजे आठ संधी. हिशेबापुरता एका क्षेपणास्त्राचा नेम ०.७ धरा. एकेक सोडत गेलात तर आठ प्रयत्नांत सहाही पडण्याची शक्यता ५५ टक्के येते. प्रत्येकावर दोन सोडली तर नेम ०.९१ होतो. पण एका हाताच्या लाँचरला त्यात जास्त वेळ लागतो, एक फेरी हातची जाते, सहाच संधी उरतात. ०.९१ चा सहावा घात ०.५७. म्हणजे तुमच्या जहाजावर एकेक सोडा नाहीतर दोन-दोन, निकाल जवळपास सारखा. कोठार मात्र दुसऱ्या पद्धतीत लवकर रिकामं होतं. उभ्या नळ्यांच्या लाँचरला ही अडचण नाही. तिथं दोन-दोन सोडणंच शहाणपणाचं.

खेळात हे डब्ल्यूआरए (कुठलं शस्त्र केव्हा सोडायचं याचे नियम) नावाच्या तक्त्यात बदलता येतं. लक्ष्याच्या प्रकारासमोर एका वेळी किती सोडायची, किती अंतरावर आपोआप सोडायची आणि स्वसंरक्षणाचं अंतर किती, हे रकाने आहेत. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते विमानांसाठी ठेवलेल्या आकड्यांमुळे: दूरच्या टेहळणी विमानावर दोन्ही वाहिन्या गुंतलेल्या असतात आणि नेमकी तेव्हाच लाटांवरून सहा येतात. टेहळणी विमानांवरची आपोआप गोळीबाराची मुभा काढून टाका.

आणि सहा ही संख्या एका पेरीसाठी जास्तच आहे. दुसरं जहाज सोबत घ्या.

प्रश्न : चॅफ सोडलं, वेळेवर सोडलं, तरी क्षेपणास्त्र जहाजालाच लागतं. चॅफचा खरंच उपयोग होतो का, की खेळात नुसता देखावा आहे? (शाहूपुरी)

उपयोग होतो, पण त्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत आणि बहुतेक जण त्या एकमेकींत मिसळतात.

पहिली पद्धत क्षेपणास्त्राचा शोधक, म्हणजे त्याच्या नाकातलं रडार, चालू व्हायच्या आधीची. जहाजापासून एक-दोन किलोमीटरवर चॅफचे ढग उभे करायचे, म्हणजे शोधक डोळा उघडेल तेव्हा त्याला एकाच्या जागी तीन-चार लक्ष्यं दिसतील. यासाठी इशारा लवकर हवा, म्हणून ही पद्धत हेलिकॉप्टर किंवा इलेक्ट्रॉनिक कानाच्या (शत्रूचं रडार ऐकणाऱ्या यंत्राच्या) भरवशावर चालते. दुसरी पद्धत शोधकानं जहाज पकडल्यानंतरची. तेव्हा दूरच्या ढगाला काही अर्थ नसतो, कारण शोधक आता जहाजाभोवतीच्या छोट्या खिडकीतच बघतोय. ढग त्या खिडकीच्या आत, जहाजाला लागूनच फुलला पाहिजे, आणि मग जहाजानं त्यातून बाहेर सटकलं पाहिजे. शोधक मोठ्या प्रतिध्वनीकडे, म्हणजे ढगाकडे, ओढला जातो.

सटकणं म्हणजे किती, याचा हिशेब वाऱ्यावर आहे. ढग वाऱ्यासोबत वाहतो. वारा १५ नॉट आणि तुम्ही २० नॉटनं वाऱ्याच्या तोंडावर चाललात, तर ढग आणि जहाज एकमेकांपासून ३५ नॉटनं दूर होतात. अर्ध्या मिनिटात ५४० मीटर. तुम्ही वाऱ्याच्याच दिशेनं २० नॉटनं पळत असाल तर फरक फक्त ५ नॉट. अर्ध्या मिनिटात ७७ मीटर, आणि तुमचं जहाज स्वतःच १३० मीटर लांब. ढग तुमच्याच डोक्यावर बसलेला, क्षेपणास्त्र ढगाला भुललं तरी लागतं तुम्हालाच. तुमच्या पत्रात वारा मागून होता असा उल्लेख आहे. बहुधा हेच झालं असावं.

वळताना आणखी एक ओढाताण येते. नाक किंवा शेपूट क्षेपणास्त्राकडे ठेवलं तर जहाज रडारला लहान दिसतं, चॅफचं काम सोपं होतं. पण मग निम्म्या तोफा आड येतात. आडवं उभं राहिलं तर सगळ्या तोफा मोकळ्या, पण जहाज चॅफपेक्षा मोठं दिसायला लागतं. लहान नौका, ज्यांच्यावर मुळात तोफा थोड्या, त्यांनी लहान दिसावं. मोठ्या विनाशिकेनं क्षेपणास्त्र क्षितिजावर असताना तिरकं राहून मारा करावा आणि शेवटच्या दहा-बारा किलोमीटरवर चॅफसाठी वळावं. त्यातला मधला कोन नेमका किती, ते तुमच्या जहाजावर तोफा कुठं बसवल्यात त्यावर ठरतं. जहाजाचा आराखडा एकदा उघडून बघाच.

आता चॅफनं भुललेलं क्षेपणास्त्र पुढं जातं कुठं? ढगातून ते आरपार निघतं आणि पुन्हा शोधायला लागतं. २५ मे १९८२ ला फॉकलंडजवळ ब्रिटिश युद्धनौकांनी चॅफ सोडून एक्झोसेट ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रं चुकवली, आणि ती ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजाला जाऊन लागली. तिच्यावर चॅफची सोयच नव्हती. म्हणून चॅफ सोडण्याआधी नकाशावर क्षेपणास्त्र, तुमचं जहाज आणि त्याच रेषेत मागं कोण आहे, हे बघायचं.

चॅफ आणि आपोआप चालणारी तोफ यांचंही एकमेकींशी नीट जमत नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये आखाती युद्धात ‘मिसूरी’ या युद्धनौकेनं चॅफ सोडलं, शेजारच्या ‘जॅरेट’ फ्रिगेटच्या फॅलँक्स तोफेनं त्या ढगालाच लक्ष्य समजून गोळीबार केला आणि काही गोळ्या ‘मिसूरी’लाच लागल्या. (त्याच हल्ल्यातलं सिल्कवर्म क्षेपणास्त्र ब्रिटिश ‘ग्लॉस्टर’नं सी डार्ट क्षेपणास्त्रानं पाडलं.) जवळजवळ चालणाऱ्या जहाजांत चॅफची बाजू आधीच वाटून घ्या.

प्रश्न : फॅलँक्स आपोआप मोडवर ठेवायची की हातात? (उजळाईवाडी)

आपोआप. १७ मे १९८७ ला अमेरिकन ‘स्टार्क’ला दोन एक्झोसेट लागली आणि ३७ नौसैनिक गेले, तेव्हा तिची फॅलँक्स ‘स्टँड बाय’वर होती. या तोफेचा कामाचा पल्ला दीड किलोमीटरच्या आसपास. ३०० मीटर वेगाच्या क्षेपणास्त्रासाठी ते पाच सेकंद झाले, ८०० मीटर वेगासाठी दोनसुद्धा नाहीत. तेवढ्यात माउस हातात येत नाही. मिनिटाला ४५०० गोळ्यांच्या हिशेबानं १५५० गोळ्यांचा साठा वीस सेकंदांत संपतो, तेव्हा तीन-चार क्षेपणास्त्रांनंतर ती रिकामी झाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आणि पाचशे मीटरवर फुटलेल्या क्षेपणास्त्राचे तुकडे त्याच वेगानं पुढं येतातच. जहाज वाचतं, रडारचा अँटेना जातो.

प्रश्न : रडार चालू ठेवलं तर शत्रूला कळतं, बंद ठेवलं तर आपल्याला काही दिसत नाही. काय करायचं? (शिवाजी विद्यापीठ परिसर)

रडारच्या लहरीला जाऊन परत यावं लागतं, ऐकणाऱ्याला ती एकदाच पोचली तरी पुरते. त्यामुळे तुमचं रडार शत्रूला दिसेल त्याच्या कितीतरी आधी शत्रू तुमचं रडार ऐकतो. म्हणून शत्रूला तुमचा ठावठिकाणा माहीत नाही तोवर बंद. माहीत झाला की सगळं चालू. मधली अर्धवट अवस्था सगळ्यात वाईट. ताफा असेल तर एकच जहाज रडार चालू ठेवून वीस-तीस किलोमीटर बाजूला पाठवा, बाकीचे त्याच्या माहितीवर चालतील. ते जहाज कुठलं, हे ठरवणं क्रूर वाटतं; पण विमानवाहू जहाज नक्कीच नाही.

प्रश्न : विनाशिका २५ नॉटनं पळते, टॉर्पेडो ४५ नॉटचा. पळून उपयोग आहे का? आमच्या ग्रुपमध्ये यावर रोज भांडण होतं. (गडहिंग्लज)

भांडण मिटवणारं सूत्र देतो. टॉर्पेडोची एकूण धाव घ्या. तिला, तुमचा वेग भागिले टॉर्पेडोचा वेग हे एकमधून वजा करून, गुणा. येणाऱ्या उत्तरापेक्षा तो सुटताना दूर असेल तर नुसतं पळूनही वाचता.

१५ किलोमीटर धावेचा ४५ नॉटचा टॉर्पेडो: २५ भागिले ४५ म्हणजे ०.५६, एकमधून वजा करून ०.४४, गुणिले १५ म्हणजे ६.७ किलोमीटर. आठ किलोमीटरवरून सुटलेला तुम्हाला गाठायच्या आत विझतो. तोच ५५ नॉटचा असेल तर सीमा ८.२ किलोमीटर होते आणि आठवरचा तुम्हाला गाठतो. म्हणजे तुमच्या ग्रुपमधले दोन्ही पक्ष बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या टॉर्पेडोबद्दल बोलतायत. या उत्तरात एक किलोमीटर भर घाला, कारण मोठं जहाज वळताना वेग गमावतं आणि वळण पूर्ण व्हायला वेळ जातो.

पळायचं म्हणजे नाकासमोर पळायचं नाही. टॉर्पेडो बरोबर मागच्या रेषेत ठेवला तर मागं ओढत असलेला नक्कल-आवाज करणारा डेकॉय, मग तो अमेरिकन निक्सी असो की आपला ‘मारीच’, त्याच रेषेत येतो. टॉर्पेडो त्याच्यावर भुलून पुढं गेला की समोर तुम्हीच. म्हणून तो शेपटीपासून वीस-तीस अंश बाजूला ठेवा. डेकॉय भुलवेल तेव्हा त्याची रेषा तुमच्याकडे येणार नाही.

दर अर्ध्या मिनिटाला बेअरिंग, म्हणजे टॉर्पेडो कुठल्या दिशेला आहे ते, बघा. बेअरिंग सरकत असेल तर तो दुसरीकडं चाललाय. बेअरिंग हलत नाही आणि आवाज वाढतोय, म्हणजे तुमचाच. बेअरिंग हलतंय म्हणून घाबरून वळणारे पुष्कळ जण आपणहून त्याच्या वाटेत जातात.

दरम्यान हेलिकॉप्टर किंवा टॉर्पेडो त्या बेअरिंगवर उलटा पाठवा. लागेल म्हणून नाही. पाणबुडीनं तारेवरून टॉर्पेडोला दिशा द्यायची असते; स्वतःच्या जिवावर आलं की ती वळते, वेग वाढवते आणि तार तुटते. मग तिच्या टॉर्पेडोला फक्त स्वतःच्या कानांचा आधार. आरबीयू-६००० सारखे रॉकेट असतील तर सहा किलोमीटरच्या आत ते टॉर्पेडोच्या वाटेवर टाकता येतात, पण एकाच जागी सगळे ओतू नका.

प्रश्न : वेकहोमिंग टॉर्पेडोवर नॉइजमेकर का चालत नाही? (जयसिंगपूर)

कारण तो आवाज ऐकतच नाही. जहाजामागं पाण्यात राहिलेला फेसाचा पट्टा तो वळसे घेत पार करत येतो. सोव्हिएत ५३-६५ हे त्याचं ठळक उदाहरण. आवाजाच्या डेकॉयपुढे तो बहिरा. वरच्या सूत्रानं अंतर काढा आणि पळा. पाणबुडीला याची भीती नाही, खोल पाण्यात तिचा असा पट्टा वर उमटत नाही.

प्रश्न : ‘कोल्ड वॉटर्स’ या पाणबुडीच्या खेळात मी नॉइजमेकर सोडतो, टॉर्पेडो त्याच्याकडे जातो, आनंद होतो, आणि दहा सेकंदांत तो परत माझ्याच मागं. नॉइजमेकर संपले तरी हेच. (कळंबा)

नॉइजमेकर हा फक्त पडदा आहे, आणि पडद्याच्या सरळ मागं उभं राहिलं तर पडदा पार झाला की पुन्हा तुम्हीच दिसता. तुमची चूक सोडण्यात नाही, सोडल्यानंतर सरळ जाण्यात आहे.

क्रम असा ठेवा. इशारा आला की त्या बेअरिंगवर एक टॉर्पेडो लगेच उलटा सोडा. तार तोडायची, कारण वर दिलंय. मग टॉर्पेडो तुमच्या मागच्या अंगाला, शंभर ते एकशेवीस अंशांवर येईल असं वळा आणि वेग वाढवा. वेग वाढवताना खोलीकडे बघा: पाण्याचा दाब कमी असेल तिथं पंख्यावर बुडबुडे लवकर फुटायला लागतात आणि पाणबुडी गाजते. ज्या वेगाला पन्नास मीटरवर गाजते, त्याच वेगाला खोलात गप्प राहते. म्हणून आधी खाली, मग जोरात.

टॉर्पेडो हजारेक मीटरवर आला की नॉइजमेकर सोडा. चार हजारावर सोडू नका, तो पोचायच्या आत नॉइजमेकर विझलेला असतो. ४५ नॉटचा टॉर्पेडो हजार मीटर ४३ सेकंदांत कापतो, तेवढाच वेळ तुमच्याकडे आहे. सोडताक्षणी साठ ते नव्वद अंश वळा, आणि त्याच वेळी खोलीही बदला. टॉर्पेडोच्या कानाचा शंकू जितका आडवा असतो तितकाच उभाही मर्यादित असतो. नुसतं आडवं वळून तुम्ही अर्धंच बाहेर पडता.

मध्ये तापमानाचा थर असेल तर तो ओलांडून पलीकडे जा. गरम आणि थंड पाण्याच्या सीमेवर आवाज वाकतो, पलीकडच्या बाजूचं कमी ऐकू येतं. मात्र टॉर्पेडोनं जवळून पकडलं असेल तर थर वाचवत नाही. तेव्हा नुसता थर गाठण्यासाठी खोलीचा खेळ करत वेळ घालवू नका.

शांत व्हायचं की पळायचं, हे पिंग (टॉर्पेडो स्वतः सोडतो तो आवाज) ऐकू येतंय का त्यावर ठरतं. पिंग नसेल तर तो नुसतं ऐकतोय, तेव्हा शंकूबाहेर पडून वेग उतरवणं कामाला येतं. पिंग चालू असेल तर तुमच्या शांत राहण्याचं त्याला काही पडलेलं नाही, लोखंडावरून आवाज परततोच. पिंग चालू असताना पाच नॉटवर येऊन श्वास रोखून बसणं ही या खेळातली सगळ्यात लोकप्रिय आत्महत्या आहे.

प्रश्न : डिसेंबर १९७१ ची कराचीची मोहीम पाकिस्तानच्या बाजूनं खेळतोय. ‘खैबर’ ही विनाशिका वाचवता येते का? (कागल)

आधी डेटाबेस तपासा. ‘कमांड’मध्ये १९४६ ते १९७९ साठी वेगळा शीतयुद्धकालीन डेटाबेस आहे, चुकून नवा घेतला तर जहाजं सापडणार नाहीत.

४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या आपल्या नौकांनी सोडलेली स्टायक्स क्षेपणास्त्रं लाटेला घासत येणारी नव्हेत. ती शंभर मीटर आणि त्याहून वर उडतात. पहिल्या उत्तरातलं सूत्र लावा: ५ अधिक १०, गुणिले ४.१२, म्हणजे ६१.८ किलोमीटर. क्षेपणास्त्राचा पल्लाच ४० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे क्षितिजाची अडचण नाही, सुटल्यापासून ते तुमच्या नजरेच्या टप्प्यात असतं आणि साधारण सव्वादोन मिनिटांनी पोचतं. अडचण आहे ती ‘खैबर’वर त्याला पाडणारं काहीच नसण्याची. प्रत्यक्षात तर आपल्यावर विमान आलंय असंच तिच्यावरच्या लोकांना वाटलं.

खेळात उपाय दोन. मोठ्या वेगानं सरळ रेषेत येणारे लहान संपर्क दिसले की चाळीस किलोमीटरच्या बाहेर राहायचं, म्हणजे कराचीच्या दिशेला मागं सरायचं. तोफेचा पल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. दुसरं, चॅफ आणि जॅमिंग (शत्रूचं रडार गोंधळवणारी यंत्रणा) असलेलं जहाज देता येत असेल तर द्यायचं. १९६७ मध्ये इस्रायली ‘एलात’ विनाशिका बुडवणारी हीच स्टायक्स ऑक्टोबर १९७३ मध्ये लताकियाच्या लढाईत इस्रायली नौकांनी चॅफ आणि जॅमिंगनं निकामी केली. पण ‘खैबर’वर ते १९७१ मध्ये नव्हतं, तेव्हा ते देऊन जिंकलात तर तो विजय धरायचा की नाही, हे आपापसांत आधी ठरवून घ्या.

प्रश्न : विमानवाहू जहाजाचं रक्षण करणाऱ्या जहाजांनी किती अंतर ठेवावं? (राधानगरी)

लांब पल्ल्याची जहाजं धोक्याच्या दिशेला पुढं, पंधरा-वीस किलोमीटर. छोट्या पल्ल्याचं एक जहाज मात्र विमानवाहूला चिकटून, एक-दोन किलोमीटरवर. लहान पल्ल्याच्या यंत्रणेला आपल्याकडे सरळ येणारं लक्ष्य सोपं जातं, बाजूनं दुसऱ्याकडे जाणारं अवघड. म्हणून तिला धोक्याच्या रेषेतच उभं राहावं लागतं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांनी सी वुल्फ या लहान पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांची ‘ब्रॉडस्वर्ड’ आणि ‘ब्रिलियंट’ विमानवाहूंच्या जवळ अशीच ठेवली होती.

या जवळिकीचा धोकाही त्याच वर्षी दिसला. २५ मे ला ‘ब्रॉडस्वर्ड’नं हल्ला करणारी विमानं सी वुल्फमध्ये पकडली होती, तेवढ्यात ‘कॉव्हेंट्री’ वळून तिच्या समोर आली, पकड तुटली आणि ‘कॉव्हेंट्री’ बॉम्बनी बुडाली. खेळात दोन्ही जहाजांना आपोआप टाळाटाळ करायची मुभा दिली तर ती नेमकी हेच करतात. चिकटून असलेल्या जहाजाची ती मुभा काढून घ्या.

पाणबुडीचा धोका असेल तर हीच गर्दी उलटते. सगळ्यांचे पंखे एकत्र गाजतात, टॉर्पेडोचा आवाज त्यात बुडतो. तेव्हा अंतर वाढवा, सोनारवाली जहाजं पुढं काढा.

प्रश्न : इशारा येतो तेव्हा मी काहीतरी वेगळंच करत असतो. कळेपर्यंत जहाज पेटलेलं असतं. (बिंदू चौक)

पंधरा पट वेगानं खेळत असाल तर वरचे ९६ सेकंद तुमच्या घड्याळात साडेसहा सेकंद होतात. ‘कमांड’च्या गेम ऑप्शन्समध्ये संदेशांची यादी आहे. तिथं नव्या शस्त्राच्या संपर्काला पॉप-अप लावा, म्हणजे खेळ आपोआप थांबतो. नव्या जहाजांच्या संपर्काचा पॉप-अप मात्र बंद ठेवा, नाहीतर किनाऱ्याजवळ प्रत्येक मासेमारी बोटीला खेळ थांबेल आणि तुम्ही वैतागून सगळेच बंद कराल.